उजळ रंगासाठी शाई कमी लागते

पेणची गणेशमूर्ती रंगून, डोळ्यांची आखणी होऊन तयार झाली की तिच्या अंगावर निदान तीन रंग असे असतात, जे छापखान्याच्या चार शायांना सहज पेलत नाहीत: सोवळ्याचा झळझळीत केशरी, शेल्याचा फ्लोरोसंट गुलाबी आणि मुकुटाचा सोनेरी. हमरापूर, जोहे आणि पेण शहरातल्या कारखान्यांची ओळख याच रंगांवर उभी आहे. व्यापाऱ्यांना दाखवायला किंवा परदेशातल्या मंडळांना पाठवायला शंभर-दोनशे प्रतींची रंगीत पुस्तिका छापली जाते. मोबाइलच्या पडद्यावर उजळलेला बाप्पा त्या पुस्तिकेत मात्र काळवंडतो. केशरी विटकरीकडे झुकतो, गुलाबी मळतो आणि सोनेरी मुकुट मोहरीच्या रंगाचा होतो.

अशा वेळी छापखानदाराला सांगितले जाते, ‘रंग जरा वाढवा.’ तो शाई किंवा टोनर वाढवतो आणि पान आणखी गडद होते. कमी प्रतींच्या छपाईत रंग उजळ यायला हवा असेल, तर करायचे असते नेमके उलटे. रंगात मिसळलेली नको ती शाई काढायची, खालचा कागद पांढरा ठेवायचा आणि पुस्तिका कोणत्या यंत्रावर छापली जाणार हे मांडणीला बसण्याआधी ठरवायचे. ही तीन कामे नीट झाली, तर साध्या डिजिटल यंत्रावरही पुस्तिका देखणी निघते.

नको ती शाई रंगात येते कुठून, हे समजून घ्यायला शाईतल्या रंगद्रव्यांकडे, म्हणजे पेणहून रोह्याकडे वळावे लागते. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत सुदर्शन केमिकल इंडस्ट्रीज या पुण्याच्या कंपनीचा रंगद्रव्यांचा कारखाना आहे. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने मार्च २०२५ मध्ये जर्मनीच्या ह्यूबाख समूहाचा जगभरातला रंगद्रव्य व्यवसाय विकत घेतला. शाई, रंग आणि प्लॅस्टिक यांना रंगद्रव्ये पुरवणारा हा उद्योग आहे. रंगीत छपाई ज्या मालावर चालते, त्याचा धंदा असा रायगडकरांच्या दारातच आहे.

छपाईच्या निळसर शाईत, म्हणजे सायनमध्ये, थॅलोसायनिन ब्लू हे रंगद्रव्य असते. ते हाती लागले अपघाताने. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमथच्या कारखान्यात एका भांड्याचा काचेचा लेप तडकला, आतला पदार्थ लोखंडाला लागला आणि त्यात निळसर-हिरवा गाळ दिसू लागला. त्या गाळाच्या अभ्यासातून या रंगद्रव्याचे घराणे उभे राहिले. ते टिकाऊ आहे, उन्हाला दाद देत नाही. पण पूर्ण शुद्ध नाही. सायनने प्रकाशातला फक्त तांबडा भाग गिळावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो हिरव्या आणि निळ्या भागातलाही थोडा हिस्सा खातो. मॅजेंटाने फक्त हिरवा गिळावा, तर तो निळाही बराच गिळतो. त्या मानाने पिवळी शाई स्वच्छ असते. म्हणूनच पिवळा आणि मॅजेंटा मिळून लाल-केशरी चांगला उतरतो, सायन आणि पिवळ्याचा हिरवा मध्यम येतो आणि सायन-मॅजेंटाचा निळा सगळ्यांत दुबळा ठरतो.

दोन शायांनी तयार होणाऱ्या उजळ रंगात तिसरी शाई शिरली, की रंग मरतो. हळदीच्या वाटीत निळीचा एक थेंब पडल्यावर जे होते, तेच केशरी सोवळ्यात आठ-दहा टक्के सायन आल्यावर होते. म्हणून मांडणी करताना काही आकडे हाताशी असावेत. शेंदरी-केशरीसाठी पिवळा १००, मॅजेंटा ६० ते ६५, सायन शून्य, काळा शून्य. कुंकवाच्या लालसाठी मॅजेंटा १००, पिवळा ९० ते १००, बाकी शून्य. हळदीसाठी पिवळा १००, मॅजेंटा १५ ते २०. भाताच्या खाचराच्या पोपटीसाठी पिवळा १००, सायन ५०, मॅजेंटा शून्य. निळा हवा असेल, तर सायन १०० आणि मॅजेंटा ६० ते ७० पर्यंतच. दोन्ही समान झाले, की निळ्याचा जांभळा होतो. यंत्र आणि कागद बदलला की हे आकडे थोडे इकडे-तिकडे सरकतील, पण सुरुवात इथूनच करावी.

हे झाले सपाट रंगांचे. फोटोत तिसरी शाई आपसूक येते, कारण कॅमेऱ्याने टिपलेल्या सावल्या, धूळ आणि आजूबाजूच्या रंगाची छटा हे सगळे सायन-काळ्यात उतरते. फोटोशॉपमध्ये सोवळ्याच्या उजळ भागावर आयड्रॉपर ठेवून आकडे वाचावेत. सायन दहाच्या वर दिसला, तर ‘सिलेक्टिव्ह कलर’मध्ये लाल आणि पिवळ्या गटातला सायन कमी करावा. चुण्यांच्या सावलीतला मात्र राहू द्यावा. तो सगळाच काढला, तर सोवळे सपाट पत्र्यासारखे दिसते. सॅच्युरेशनचा दांडा थेट पुढे ढकलणे हा सगळ्यांत वाईट उपाय, कारण त्याने पडदा उजळतो आणि छापील पान तिथेच राहते.

फ्लोरोसंट गुलाबीबाबत स्पष्ट बोललेले बरे: चार शायांत तो येत नाही. हा रंग अतिनील आणि निळा प्रकाश शोषतो आणि तो गुलाबी-केशरी प्रकाशाच्या रूपात परत फेकतो, म्हणून तो पांढऱ्या कागदापेक्षाही उजळ भासतो. साधी शाई फक्त गिळते, परत काही देत नाही. सोनेरीची अडचण वेगळी आहे. धातूची चमक बघणाऱ्याच्या कोनानुसार बदलते आणि कागदावरचा ठिपका बदलत नाही. तरी सोने छापता येते, ते प्रकाश-सावलीच्या जोरावर. मुकुटाचा फोटो बाजूच्या प्रकाशात काढावा, कडेवर बारीक पांढरी चमक येऊ द्यावी आणि खोबणीत गडद तपकिरी सावली ठेवावी. पिवळ्यापासून तपकिरीपर्यंतचा हा उतार डोळ्याला सोन्यासारखा वाटतो. समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत हा उतारच नाहीसा होतो आणि मोहरी उरते.

जुन्या छपाईने या प्रश्नावर काढलेला तोडगा अजूनही कामाचा आहे. १८७८ मध्ये पुण्यात सुरू झालेली चित्रशाळा आणि १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला राजा रविवर्मांचा छापखाना, दोन्हीकडे देवादिकांची चित्रे शिळाछापाने निघत. तिथे चारच शायांची सक्ती नव्हती. चित्राला जितके रंग लागतील तितके दगड तयार केले जात आणि प्रत्येक रंग त्याच्या स्वतःच्या शाईने छापला जाई. घराघरांत लागलेल्या त्या देवांच्या तसबिरींचा रंग इतका भरदार दिसतो, त्यामागे हे कारण आहे.

आज त्याच पद्धतीला पाचवा रंग किंवा स्पॉट कलर म्हणतात. ऑफसेटवर पँटोनची ठरावीक शाई वेगळ्या प्लेटने छापता येते. ८७१ ते ८७६ हे सोनेरी-कांस्य रंग, ८७७ चंदेरी, ८०६ फ्लोरोसंट गुलाबी. डिजिटलमध्ये झेरॉक्सच्या इरिडेस यंत्रावर सोनेरी, चंदेरी आणि फ्लोरोसंट टोनर मिळतो, रिकोच्या काही यंत्रांवर निऑन गुलाबी आणि निऑन पिवळा असतो, तर एचपी इंडिगोवर केशरी, हिरवा आणि जांभळा अशा जादा शाया लावता येतात. ही यंत्रे गावोगावी नसतात. त्यासाठी नवी मुंबई किंवा मुंबई गाठावी लागते. खर्चही वाढतो. तेव्हा पाचवा रंग फक्त मुखपृष्ठाला द्यावा आणि आतली पाने चार रंगांत काढावीत, हे शहाणपणाचे. फ्लोरोसंट शाई उन्हात लवकर विटते, म्हणून दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवायच्या प्रतीसाठी ती वापरू नये.

आता यंत्राची निवड. ऑफसेटला प्रत्येक बाजूला चार प्लेटा लागतात आणि रंग जुळेपर्यंत बरेच ताव वाया जातात. हा खर्च पन्नास प्रतींना आणि हजार प्रतींना सारखाच. त्यामुळे साधारण तीनशे ते पाचशे प्रतींपर्यंत डिजिटल परवडते, त्यापुढे ऑफसेट. डिजिटलचा हिशेब शीटवर आणि क्लिकवर, म्हणजे छापलेल्या प्रत्येक बाजूवर होतो. ए-५ आकाराच्या पुस्तिकेची आठ पाने १२ बाय १८ इंचाच्या एका शीटवर दोन्ही बाजूंनी बसतात. म्हणजे आतल्या चोवीस पानांना तीन शीट. पण रंग पानाच्या कडेपर्यंत न्यायचा असेल, तर प्रत्येक बाजूला ३ मिलिमीटर जादा भाग सोडावा लागतो आणि १२ इंचांत तो जेमतेम मावतो, यंत्राच्या पकडीला जागाच उरत नाही. अशा कामाला १३ बाय १९ चे शीट मागावे. सेंटर पिन मारायची असल्याने पाने चारच्या पटीत ठेवायची, हे ओघाने आलेच.

यंत्र आधी ठरवण्याचा आग्रह का, ते इथे कळते. बहुतेक डीटीपीवाले सवयीने सगळे फोटो पडद्याच्या आरजीबीतून सीएमवायकेमध्ये, म्हणजे चार शायांच्या आकड्यांत बदलून फाइल देतात. ऑफसेटसाठी ते बरोबर आहे; आर्ट पेपरसाठी फोग्रा ३९ किंवा त्यानंतरचे फोग्रा ५१ प्रोफाइल वापरावे. पण चांगल्या टोनर यंत्राची रंगांची कुवत ऑफसेटपेक्षा अनेकदा जास्त असते, विशेषतः गुलाबी, जांभळ्या आणि हिरव्या छटांत. फोटो आधीच ऑफसेटच्या मापात कापून दिला, की ही जादा कुवत वाया जाते. डिजिटलवर छापायचे असेल, तर फोटो आरजीबीमध्येच, प्रोफाइलसह ठेवावेत, पीडीएफ एक्स-४ प्रकारची करावी आणि रंग बदलण्याचे काम यंत्राच्या रिपवर, म्हणजे फाइलचे छपाईच्या ठिपक्यांत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरवर सोपवावे. ‘ऑफसेटची नक्कल बंद ठेवून एक पान काढून दाखवा,’ एवढे सांगितले तरी पुष्कळदा केशरी आणि गुलाबी सुधारतात. सपाट रंग आणि मजकूर मात्र सीएमवायकेच्या आकड्यांतच द्यावेत.

मजकुराचा मुद्दा देवनागरीत नाजूक आहे. काळी अक्षरे आरजीबीत राहिली, तर छापताना ती चार शायांची होतात आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे शायांची एकमेकींवरची जुळणी, केसभर हलले तरी शिरोरेषेला रंगीत सावली पडते. अक्षरे फक्त काळ्या शाईत, १०० टक्के. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे द्यायची असतील, तर जाड वळणाची घ्यावीत.

कागदावर काटकसर करू नये. आर्ट पेपरवर मातीचा गुळगुळीत लेप असतो, शाई वरच राहते आणि प्रकाश खालच्या पांढऱ्यावरून परत येतो. लेप नसलेला मॅपलिथो शाई पितो, ठिपका पसरतो आणि तोच केशरी दोन पायऱ्या उतरतो. मूर्तींच्या अल्बमला आत १३० जीएसएम ग्लॉसी आर्ट पेपर आणि मुखपृष्ठाला २५० ते ३०० जीएसएम हे सरळ उत्तर आहे. खर्चासाठी मॅपलिथोच घ्यावा लागला, तर पिवळसर झाक असलेला टाळून पांढराशुभ्र घ्यावा आणि डिजिटल निवडावे. टोनर कागदात मुरत नसल्याने तिथे ऑफसेटपेक्षा रंग टिकतो. शायांची एकूण बेरीज आर्ट पेपरवर ३०० ते ३२० टक्के, मॅपलिथोवर २४० ते २६० टक्के यांच्या आत ठेवावी. मॅट लॅमिनेशनची सध्या फार हौस आहे. हाताला ते छान लागते, पण प्रकाश विखुरून रंग दबवते. रंगासाठीच काढलेल्या पुस्तिकेला ग्लॉस लॅमिनेशनच शोभते.

कोकणातला पाऊस हा या कामातला मोठा भागीदार आहे. दमट कागदावर टोनर डागाळलेला बसतो आणि शीट गुंडाळते. ऑफसेटची शाई उशिरा वाळते आणि वरच्या तावाच्या पाठीला लागते. शक्य असेल तर छपाई मेअखेर उरकावी. पावसातच करायची झाली, तर कागदाची वेष्टने छपाईच्या वेळीच फोडायला सांगावीत.

फोटोची तयारी कारखान्यातच होते. निळ्या ताडपत्रीच्या मांडवात उभ्या मूर्तीवर निळा प्रकाश पडतो आणि केशरी तिथेच अर्धा मरतो. मूर्ती उघड्या सावलीत आणावी, सकाळी काढावी, ट्यूबलाइट बंद ठेवावी आणि पहिल्या फोटोत मूर्तीशेजारी पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स जुळवावा. उजेड अर्ध्या स्टॉपने कमी ठेवावा, नाहीतर लाल रंगाचा भाग भरून वाहतो आणि सोवळ्याच्या चुण्या दिसेनाशा होतात. पार्श्वभूमी राखाडी किंवा गडद. गोबेलँ या गालिचा कारखान्याच्या रंगशाळेचे प्रमुख असलेले फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरूल यांनी १८३९ मध्येच दाखवून दिले होते, की शेजारचा रंग बदलला की मूळ रंगाचे दिसणे बदलते. केशरी मूर्तीमागे लाल-पिवळा उतरता रंग, भोवती सोनेरी महिरप आणि कोपऱ्यात फुले, ही मांडणी आपल्याकडे ठरून गेलेली. त्यात मूर्तीच हरवते. पांढरा समास सोडला, तर मूर्तीचा रंग उठून दिसतो.

फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला, की त्याची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते. ए-५ चे पूर्ण पान ३०० डीपीआयने छापायला २४८० पिक्सेल लागतात. म्हणून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवावा. नव्या आयफोनचे फोटो डिस्प्ले पी-३ या मोठ्या रंगपट्टीत असतात. त्यांचे प्रोफाइल वाटेत गळले, तर रंग फिके पडतात.

रोह्याकडची गरज थोडी निराळी. ग्रामदैवत धावीर महाराजांच्या दसऱ्याच्या उत्सवात पोलिसांची मानवंदना होते, पालखी निघते. अशा उत्सवाच्या स्मरणिकेत झेंडूचा केशरी आणि खाकी गणवेश एकाच फोटोत येतात. सगळ्या फोटोवर एकच दुरुस्ती केली, तर झेंडू उजळतो आणि खाकी पिवळी पडते. झेंडू निवडून तेवढ्याचाच सायन काढावा. स्मरणिकेतले जुने कृष्णधवल फोटो फक्त काळ्या शाईत छापावेत; चार शायांत छापले, की एका पानावर हिरवट आणि दुसऱ्यावर गुलाबी दिसतात.

रोहा तालुक्यातल्या कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग चालते, त्यामुळे तिथल्या घरगुती निवासांच्या माहितीपुस्तिका हिरव्यागार हव्या असतात. पावसाळी हिरव्यात खरा घात करतो मॅजेंटा. पानांच्या उजळ भागातला मॅजेंटा दहाच्या खाली आणला, की डोंगर धुतल्यासारखे दिसतात. नदीचे पाणी मात्र निळे करायच्या मागे लागू नये. ते मुळात हिरवट असते, आणि निळा ही चार शायांची सर्वांत दुबळी जागा.

शेवटची गोष्ट प्रूफची. डीटीपीवाल्याच्या इंकजेटवर काढलेली प्रत हे प्रूफ धरू नये. ती शाई वेगळी, कागद वेगळा. प्रूफ बघायचे ते दिवसा, खिडकीजवळ, थेट ऊन टाळून. रंग पारखण्याचे मानक म्हणून ५००० केल्व्हिनचा प्रकाश धरतात, आणि दुकानातली स्वस्त एलईडी ट्यूब त्याची जागा घेऊ शकत नाही. शक्य असेल तर मूर्तीचा रंगवलेला छोटा तुकडा किंवा रंगाचा नमुना सोबत न्यावा आणि त्याच्याशी पान जुळवावे. मोबाइलशी जुळवत बसू नये, कारण पडद्याचा उजेड कागदाला कधीच गाठता येत नाही. मंजूर केलेल्या प्रतीवर तारीख आणि सही घालून ती छापखान्यात ठेवावी, म्हणजे पुढच्या शंभर प्रती काढताना तीच समोर असते.

पेण-रोह्याच्या कारखानदारांनी, देवस्थानांनी आणि निवास चालवणाऱ्यांनी पुढच्या पुस्तिकेचे कोटेशन घेताना त्यात एक ओळ आवर्जून लिहून घ्यावी: ‘ठरलेल्या यंत्रावर, ठरलेल्या कागदावर एक संपूर्ण प्रत आधी.’ ती ओळ मान्य नसेल, तर काम दुसरीकडे द्यावे.